एका सहीची पट्टी

आमच्या मामंजींनी माझ्यावर चोरीचा आळ घेतला, तो एका काळ्या दोऱ्यावरून.

मी इस्त्री करायला त्यांच्या खोलीत गेले, तर ते कॉम्प्युटरच्या टेबलाशी गुडघे टेकून बसलेले. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात वीतभर दोरा. मला पाहून उठले नाहीत, की 'ये' म्हणाले नाहीत.

"सूनबाई, काल दुपारी तू कुठे होतीस?"

"इथेच. ह्यांचे शर्ट इस्त्री करत होते."

"इथेच," असं म्हणून त्यांनी तो दोरा कागदात गुंडाळला आणि कागद खिशात टाकला.

तो दोरा म्हणजे त्यांचा पहारेकरी. खोलीतून बाहेर पडताना ते कीबोर्डचा कप्पा आत ढकलायचे आणि कप्प्यापासून टेबलाच्या पायापर्यंत दोरा ताणून बांधायचे. कुणी कप्पा ओढला की दोरा तुटणार. घरात माणसं चार. मामंजी, सासूबाई, आमचे हे आणि मी. हे दिवसभर ऑफिसात. सासूबाईंवर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. उरलं कोण? सून घरात कितीही वर्षं राबली तरी चोर शोधायची वेळ आली की ती परक्याची मुलगी होते, हे मला त्या दिवशी कळलं. मी इस्त्री तापवून शर्टावर टेकवली होती, पण इतका संताप आला की ती तशीच ठेवून मी बाहेर निघून आले. कॉलर जळली ती जळलीच, वर धुराचा वास आल्यावर मामंजी आतून म्हणाले, "पुरावा जाळतेस की काय?"

मामंजींची उभी हयात एका यंत्रांच्या कारखान्यात सुट्या भागांचं कोठार सांभाळण्यात गेली. संध्याकाळी कोठाराला कुलूप लागलं की दार आणि चौकट यांच्या सांध्यावर ते डिंकानं कागदाची पट्टी चिकटवायचे आणि सांध्यावरून तिरकी सही ठोकायचे. सकाळी भिंगातून सही जुळते का ते बघायचे आणि मगच कुलूप काढायचे. कारखान्याचा नियम दोन सह्यांचा होता. एक कोठारवाल्याची, एक पहाऱ्यावरच्या माणसाची. मामंजींनी दुसरी सही कधी होऊच दिली नाही. "दुसरी सही म्हणजे दुसरी किल्ली," ते म्हणायचे, "आणि दुसरी किल्ली झाली की कोठार आपलं राहत नाही." साहेबलोकांनी सुरुवातीला डोळे वटारले. पण वर्षानुवर्षं कोठारातून एक वॉशरही हरवेना, तेव्हा तेही गप्प बसले. कामगारांनी त्यांचं नाव सीलसाहेब ठेवलं होतं आणि मामंजींना त्याचा राग येण्याऐवजी अभिमानच होता.

रजेवर जातानाही किल्ली त्यांच्याच खिशात. अगदी स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. हा किस्सा सासूबाई असा रंगवून सांगायच्या की ऐकणाऱ्याची हसून हसून मुरकुंडी वळायची. ऐन लग्नात दोन फिटर घामाघूम होऊन दारात हजर. मोठं यंत्र बंद पडलंय, बेअरिंग पाहिजे. नवरदेव तशाच कपड्यांत उठले, फिटरच्या सायकलवर मागे बसून गेले, कोठार उघडलं, बेअरिंग दिलं, सही घेतली, पट्टी लावली आणि परत आले. "आणि मी आपली बसलेय मान खाली घालून," सासूबाई म्हणायच्या. "मागे कुजबुज चाललीय की नवरा पळाला. आल्यावर ह्यांनी माझ्याशी पहिलं वाक्य काय बोलावं? बेअरिंगचा नंबर सांगितला! का, तर मला खात्री पटावी म्हणून!"

निवृत्त झाल्यावर मामंजींचे हात रिकामे झाले. वेळ जावा म्हणून ह्यांनी त्यांना कॉम्प्युटर आणून दिला. जोडला ह्यांनी, पासवर्ड टाकला ह्यांनी, आणि संध्याकाळपर्यंत ह्यांनाच त्यात शिरता येईना. मामंजींनी पासवर्ड बदलून टाकला होता.

"अहो बाबा, काही बिघडलं तर मला उघडायला नको का?"

"गवंडी घर बांधतो. म्हणून त्याला कुणी किल्ली देतं का?"

त्याच सुमारास वाचनालयात ज्येष्ठांसाठी एक भाषण झालं, घरचा कॉम्प्युटर सुरक्षित कसा ठेवावा यावर. तिथून आणलेलं पत्रक मामंजींनी भिंतीवर डकवलं आणि ते अक्षरशः पाळलं. पासवर्ड लांबलचक. अनोळखी मेल उघडायची नाही. कॅमेऱ्यावर जखमेची चिकटपट्टी. हार्ड डिस्कला आतूनही कुलूप, म्हणजे कुणी ती काढून नेली तरी त्याला काही वाचता येऊ नये. इंटरनेटची वायर काम झालं की काढून कपाटात. फक्त एका सूचनेवर त्यांनी तांबडी काट मारली होती. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत दुसरीकडे ठेवावी, अशी ती सूचना.

"हीच तर सगळ्यात कामाची गोष्ट आहे," हे म्हणाले.

"प्रत म्हणजे दुसरी किल्ली," मामंजी म्हणाले.

पालथ्या घड्यावर पाणी. आम्ही हसून सोडून दिलं. त्या कॉम्प्युटरमध्ये होतं तरी काय? विजेची बिलं, सूर्योदयाची चित्रं आणि कारखान्यातल्या आठवणींची दोन पानं. चोर आला असता तर बिचारा काहीतरी ठेवूनच गेला असता. मग त्यात सासूबाईंचा आवाज गेला आणि आमचं हसणं बंद झालं.

सासूबाईंच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. या बाई म्हणजे चुलीवरच्या दुधालाही "जा बघू उतू, मग बघते तुझ्याकडे" असा दम देणाऱ्या. शिवणाच्या मशीनशी भांडायच्या, जिन्यातल्या मांजराची विचारपूस करायच्या. त्यांना हे सांगायचं कसं, म्हणून आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "चला, ह्यांचे कान सुटले एकदाचे." आणि आत जाऊन खूप रडल्या.

हॉस्पिटलात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. घरात आम्ही त्यांना आवाजाच्या बाई म्हणायचो. त्यांनी मार्ग सुचवला. ऑपरेशनच्या आधी सासूबाईंनी शेकडो वाक्यं बोलून रेकॉर्ड करायची. त्यावरून त्यांच्या आवाजाचा एक प्रोग्रॅम तयार होतो. मग टॅबवर लिहिलं की टॅब त्यांच्याच आवाजात बोलतो. कुठल्या तरी परक्या बाईच्या खणखणीत यंत्री आवाजात नाही, त्यांच्या स्वतःच्या.

हे काम मामंजींनी अंगावर घेतलं. खिडक्यांवर रजया टांगल्या, पंखा बंद केला, आम्हाला खोलीबाहेर काढलं. दाराआडून सासूबाईंचा आवाज यायचा. "माझा चष्मा कुठे आहे?" "पाहुणे कधी येणार आहेत?" "मांजर भिंतीवरून उडी मारते." मधेच त्या म्हणायच्या, "अहो, हे मांजर मी जन्मात कुणाला सांगायला जाणार आहे?" मामंजी म्हणायचे, "हसू नकोस, वाक्य वाया जातं." प्रत्येक वाक्याला त्यांनी कोठारातल्या मालासारखा नंबर दिला होता.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी दिलेली वाक्यं सगळी संपली होती. तरीही दोघं दार लावून आत बसले. त्या संध्याकाळी सासूबाई वाचत नव्हत्या, बोलत होत्या. शब्द कळत नव्हते, पण एकदा त्या खूप वेळ हसल्या. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं हसू. हे रेकॉर्डिंग मामंजींनी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि त्याला वेगळा पासवर्ड लावला. पुढे सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की ते हेडफोन लावून बसायचे, भिंतीकडे तोंड करून.

ऑपरेशन नीट पार पडलं. सासूबाई घरी आल्या त्या टाळी वाजवून हाक मारायला शिकून. बाकी सगळं पाटीवर. लिहिता लिहिता कंटाळायच्या आणि अर्ध्यावरच पुसून टाकायच्या. त्यांचा विनोद लिहून पुरा होईपर्यंत बाकीचे दुसऱ्या विषयावर गेलेले असायचे. मग पाटी मांडीवर पालथी ठेवून त्या नुसत्या बसून राहायच्या. मला ते बघवायचं नाही.

आवाजाच्या बाईंचे फोन माझ्याकडे यायचे. जखम भरली आहे, आता फायली पाठवा, पुढचं काम सुरू करू. मी मामंजींना विचारायचे. मामंजी म्हणायचे, "बघू."

त्यांचं भय अगदीच हवेतलं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या कारखान्यातल्या एका जुन्या फोरमनला मुलीच्या आवाजात फोन आला होता. रडत रडत सांगत होती, अपघात झालाय, लगेच या. फोरमन घर उघडं टाकून धावले. मुलगी आपल्या घरी ठणठणीत, आणि इकडे चोरांनी फोरमनचं घर धुऊन नेलेलं.

"आवाज चोरता येतो, सूनबाई," मामंजी म्हणाले. "हिचा आवाज एकदा इंटरनेटवर गेला की तो कुठल्या कोठारात पडेल, तिथे कोण येतं, कोण जातं, मला काय माहीत? उद्या हिच्या आवाजात कुणी तुला दार उघड म्हणेल आणि तू उघडशील."

"मग आईंनी मुक्यानंच राहायचं का?"

"मी नाही म्हटलं का? मी म्हटलं, बघू."

आवाजाच्या बाईंनी लेखी हमी पाठवली. मामंजींनी ती भिंगाखाली दोनदा वाचली आणि विचारलं, "पण या बाई त्याच कशावरून?" या प्रश्नाला जगात कुणाकडे उत्तर असेल तर त्यानं मला जरूर कळवावं.

अशा दिवसांत तो दोरा तुटला. फायली बाहेर जाव्यात म्हणून मागे लागलेली मी, त्या खोलीत इस्त्री करणारी मी, आवाजाच्या बाईंशी फोनवर बोलणारी मी. फौजदाराला याहून सोपा गुन्हेगार कुठे मिळणार?

त्याच दिवशी मामंजींनी डिंकाची बाटली आणली. पेन ड्राइव्ह लावायच्या जागांवर पट्टी, सही. सीपीयूच्या स्क्रूंवर पट्टी, सही. रात्रंदिवस त्यांच्या खिशात कात्री आणि कागद. कुठे फट दिसली, कुठे भोक दिसलं, की लाव पट्टी. सीपीयू टेबलाखाली, पाठ भिंतीला. त्यांनी तो ओढून पुढून मागून काय काय केलं, ते बघायला मी गेले नाही. माझ्यावर आणखी एक कलम लागलं असतं.

आणि आता खरोखरच काहीतरी विचित्र घडायला लागलं. कॉम्प्युटर चालता चालता घरघरायचा, मग गप्पकन बंद पडायचा. थोड्या वेळानं चालू केला की चालू, की पुन्हा बंद. कधी आपला आपणच बंद होऊन आपला आपणच उघडायचा. मामंजींना यापेक्षा अधिक काय हवं होतं?

"बघा. आत कुणीतरी आहे."

"पण बाबा, पट्ट्या तर सगळ्या जागच्या जागी आहेत," हे म्हणाले.

"तेच तर! पट्टी न फाडता आत शिरतो तो बाहेरचा नसतो. माहितगार असतो." आणि माझ्याकडे बघितलं.

संशय हा लागण होणारा रोग आहे. मला लागण झाली. खोलीवरून जाताना मी पाय न वाजवता जायला लागले, आणि पाय वाजत नाहीत म्हणून संशय येईल या भीतीनं मुद्दाम वाजवायला लागले. ह्यांच्याकडे मी टक लावून बघायचे. वडलांचा कॉम्प्युटर गुपचूप उघडून, आळ मात्र बायकोवर येऊ देणारा नवरा असू शकतो, यात अशक्य ते काय? केबलवाला जरा जास्त वेळ जिन्यात रेंगाळला तर मी त्याला नावगाव विचारलं. आणि एका दुपारी, मामंजी हेडफोन लावून भिंतीकडे बघत बसलेले दिसले, तेव्हा माझ्या मनात आलं ते मी आजही सांगायला कचरते. या माणसाला बायको गप्पच बरी वाटत नाही ना? जन्मभर "अगं, जरा थांबशील का" म्हणत आले. आता सुंठीवाचून खोकला गेला. आवाज तर त्यांच्यापाशी आहेच, डब्यात बंद. हवा तेव्हा कानाला लावायचा, नको तेव्हा बंद करायचा. तो परत तिला द्यायचा कशाला?

हे मनात आलं आणि मनात राहिलं असतं तर बरं झालं असतं.

एका रविवारी चहाच्या वेळी मामंजींनी ह्यांच्यापुढे तो कागदातला दोरा ठेवला. "तुझ्या बायकोला विचार," म्हणाले. "रागावणार नाही मी. तिनं फक्त सांगावं, आवाज कुणाला दिला."

माझा तोल सुटला. "मी कुणाला काही दिलेलं नाही! दिलं असतं तर बरं झालं असतं, निदान आई आज बोलल्या असत्या! तुम्हाला चोराची भीती नाहीच आहे बाबा. आई बोलायलाच नकोत तुम्हाला!"

मामंजींच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझे शब्द परत गिळावेसे वाटले, पण राग अजून घशातच होता. तेवढ्यात सासूबाईंनी टेबलावर जोरात थाप मारली. पाटीवर लिहिलं, 'पुरे.' ते पुसून लिहिलं, 'हिनं नाही.'

"तुला काय माहीत?" मामंजी हळू आवाजात म्हणाले. "तू दुपारची झोपलेली असतेस."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. पेन्सिल पाटीवर टेकलेली होती, पण पुढे काही लिहिलं नाही. मला वाटलं, म्हातारी माझी बाजू घेतेय, एवढंच.

त्याच आठवड्यात एका कडक उन्हाच्या दुपारी मामंजींच्या खोलीतून काहीतरी करपल्याचा वास आला. मी धावले. ते हेडफोन लावून बसलेले आणि समोर पडदा काळा. बटण दाबत होते, पुन्हा दाबत होते. या वेळी कॉम्प्युटर उघडला नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानातून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. मामंजी स्टूल घेऊन त्याच्या उशाशी बसले, हातात भिंग. त्यानं सीपीयू टेबलाखालून ओढला, पाठ उजेडाकडे फिरवली आणि तसाच थांबला. पाठ पांढरी होती. कुशीची जाळीही पांढरी. एकावर एक डिंकानं बसवलेल्या पट्ट्या, उष्णतेनं कडेला तांबूस झालेल्या, आणि प्रत्येकीवर तिरकी सही.

"काका, हे कुणी केलं?"

"मी," मामंजी म्हणाले. "भोकं होती."

"हवेची भोकं आहेत ती. यातून चोर नाही येत आत, आतली गरम हवा बाहेर जाते. याचा श्वास कोंडला. म्हणून बंद पडत असणार सारखा."

त्यानं डिस्क काढली, आपल्या यंत्राला लावून बघितली, दुकानात नेली, संध्याकाळी परत आणली. डिस्क गेली होती. वरच्या कुठल्या मोठ्या ठिकाणीही उपयोग नाही म्हणाला, कारण आतून कुलूप लावलेलं. तुकडे मिळाले तरी त्यांचा अर्थ लागणार नाही. जाताना त्यानं विचारलं, "कॉपी असेल ना काका?" भिंतीवरच्या पत्रकातली ती तांबडी काट आम्हा सगळ्यांनाच दिसत होती.

मला वाटलं होतं, खरा चोर सापडला की मला आनंद होईल. कुंपणानंच शेत खाल्लं, असं त्यांच्या तोंडावर म्हणायची मी मनात केव्हापासून तयारी केली होती. म्हणता आलं नाही. मामंजी सोललेल्या पट्ट्या मांडीवर घेऊन बसले होते.

"हिचा आवाज मी मारला," ते म्हणाले.

ह्यांनी तोंड फिरवलं. सासूबाईंनी टाळी वाजवली, आमचं लक्ष वेधायला, आणि उठून आपला शिवणाचा डबा आणला. वरची रिळं बाजूला केली, बटणांची पिशवी काढली, आणि तळातून फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून मामंजींच्या मांडीवर, त्या पट्ट्यांवर ठेवलं. पेन ड्राइव्ह होता.

पाटीवर लिहिलं, 'माझा आवाज.'

मामंजी कधी त्याच्याकडे बघत, कधी बायकोकडे. "कधी घेतलास?"

'दोरा तुटला तेव्हा. तुम्ही वाचनालयात होता, हिची इस्त्री आटोपली होती.'

"पण पासवर्ड?"

सासूबाईंनी मामंजींच्या ओठांवर बोट ठेवलं आणि आपले ओठ पुटपुटल्यासारखे हलवून दाखवले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामंजी एका बोटानं टाइप करायचे आणि प्रत्येक अक्षर पुटपुटायचे. कॉम्प्युटर उघडण्याआधी ते आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढायचे, पण सासूबाईंना कधीच नाही. ती कुणाला सांगणार? ज्या बाईला बोलता येत नाही तिला कान आहेत, हे एवढा सावध माणूस साफ विसरून गेला होता. सासूबाईंनी पाटी पुसली आणि एक नंबर लिहिला. खाली लिहिलं, 'लग्नातलं बेअरिंग. मी विसरेन होय?'

मला हसू आणि संताप दोन्ही एकदम आले. "आई, मग माझ्यावर आळ येत होता तेव्हा का नाही सांगितलंत?"

त्यांनी माझा हात धरला आणि डाव्या हातानं वेडंवाकडं लिहिलं, 'हे आपणहून देतील म्हणून वाट बघत होते. चुकलं.'

मामंजींचं मात्र आणखी काहीतरी विचारायचं राहिलं होतं. ते फार हळू बोलले. "यात... ते दुसरं फोल्डरही आहे का? त्या संध्याकाळचं?"

सासूबाईंनी मान हलवली. नाही. मग लिहिलं, 'ते तुम्हाला दिलं होतं. दिलेलं परत कसं घेऊ?'

मामंजींनी ती पाटी हातात घेतली आणि रात्रीच्या जेवणापर्यंत कुणाला पुसू दिली नाही.

इंटरनेटची वायर कपाटातून त्यांनी स्वतः काढली. ह्यांच्या लॅपटॉपवरून फायली गेल्या, तेव्हा शेवटची फाइल जाईपर्यंत ते शेजारी उभे होते, निरोप द्यायला आल्यासारखे. पुढे आवाजाच्या बाई टॅब घेऊन घरी आल्या. मामंजींनी दारातच त्यांचं ओळखपत्र मागितलं, हे सांगायला नकोच.

सासूबाईंनी टॅब मांडीवर घेतला, आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं आणि टाइप केलं. आवाज जरा सपाट होता, चढउतार कमी. पण त्यांचाच होता.

"अहो, चोर मीच. आता सुनेची माफी मागा."

मग माझ्याकडे वळून, "मांजर भिंतीवरून उडी मारते." आणि त्यांचे खांदे हसण्यानं गदगदा हलायला लागले.

मामंजींनी माफी मागितली नाही. उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, राहिलं. सीलसाहेबांकडून माफी निघणं म्हणजे जरा जास्तच होतं.

त्यानंतर दुपारी त्यांच्या खोलीचं दार पुन्हा बंद व्हायला लागलं, या वेळी दोघं आत. थांबत थांबत टॅबचा आवाज यायचा. त्या संध्याकाळी बोललेलं सासूबाई पुन्हा सांगत होत्या, आठवेल तसं, एका वेळी थोडंसं. टॅबला हसता येत नाही. हसण्याची जागा आली की आत नुसती शांतता व्हायची, आणि मग मामंजींचं एकट्याचं हसू ऐकू यायचं. ते ऐकू आलं की मी इस्त्रीचे कपडे उचलून स्वयंपाकघरात जायचे.

एके सकाळी मी शर्टांना इस्त्री करत होते. मामंजी आले आणि टेबलाच्या कडेला कागदाची एक पुडी ठेवली. पुडीत पेन ड्राइव्ह होता, हे हाताला कळत होतं. पुडीच्या सांध्यावर पट्टी.

"आमच्या दुपारच्या बोलण्याची प्रत आहे," ते म्हणाले. "एक माझ्यापाशी आहे. ही तुझ्याकडे राहू दे. ऐकू नकोस. ऐकलंस तर मला कळेल."

मी पुडी उलटून बघितली. पट्टीवर त्यांची सही होती, पण नेहमीसारखी सांध्यावरून तिरकी, या टोकापासून त्या टोकापर्यंत नाही. डावीकडे दाबून, लहान केलेली. उजवीकडची जागा कोरी होती.

"बाबा, सही अशी कोपऱ्यात का?"

त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. माझ्याकडे बघत नव्हते, इस्त्रीकडे बघत होते.

"नियम दोन सह्यांचा आहे," ते म्हणाले.

मी इस्त्री शर्टावरून उचलून बाजूला उभी केली आणि सही केली.